सात नंबरची वाफ

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: सात नंबरच्या विहिरीतून तेल काढणे. तेल आहे, पण डांबरासारखं घट्ट. दगडाच्या बारीक छिद्रांत मुरून बसलंय, हलायला तयार नाही. वाफ सोडायची, दगड तापवायचा, तेल पातळ झालं की पंप चालू. इतकं सोपं! चीफ म्हणाले, जमलं तर फील्ड मॅनेजरची खुर्ची तुमची, नाहीतर सात नंबरला कायमचं बूच. हिला पहिला अर्धा भाग सांगितला.

५ जानेवारी
हिने बहिणीला फोन करून मी मॅनेजर झाल्याचं कळवलं. बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, शेजारची आठ नंबरची विहीर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतो.

६ जानेवारी
भूगर्भवाल्या मॅडमचं म्हणणं, दोन विहिरींमध्ये खाली भेग असू शकते, आधी टेस्ट करा. टेस्टला आठवडा जाणार. शंका काढून आजवर कुणी थेंबभर तेल काढलेलं नाही. टेस्ट रद्द.

९ जानेवारी
बॉयलर सुरू. प्रेशर चढत नाही. बॉयलरवाला घाबरला. समजावलं, दगडाला तहान लागली आहे. वाफ वाढवली.

१४ जानेवारी
प्रेशर जागच्या जागी. निर्धारही. वाफ दुप्पट केली.
साडूचा फोन. आठ नंबर अचानक भसाभसा तेल ओकतेय. परवा पंपाला रंग दिला, त्याचा गुण असावा म्हणाला. मोठ्या मनाने अभिनंदन केलं. मॅनेजर झाल्यावर अशा माणसांना सांभाळून घ्यावं लागेल.

१८ जानेवारी, दुपारी
वाफ बंद करून पंप सुरू केला. गरम पाणी आलं. नुसतं पाणी. बॉयलरवाल्याने विचारलं, चहा टाकू का? कामावर थट्टा नको, असं बजावलं. घरी जायची लाज वाटली.

१९ जानेवारी
साडूचं तेल इतकं गरम, की त्याचा हात भाजला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

२१ जानेवारी
मीटिंग. चीफ म्हणाले, प्रयोग यशस्वी! उठून उभा राहिलो. पुढे म्हणाले, वाफ भेगेतून गेली, तेल आठ नंबरला आलं, तेव्हा मॅनेजर आठ नंबरवाले. बसलो. सात नंबरने यापुढे फक्त वाफ पुरवायची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! हिने बहिणीला पुन्हा फोन केला. या वेळी खूपच कमी बोलली.

२२ जानेवारी, सकाळी
मॅनेजरसाहेबांचा पहिला फोन. दादा, वाफ जरा वाढवता का, म्हणाला.
वाढवली.