फिलेमोनाच्या जागी बसून

बाबा,

काल मोबाइलवर फिलेमोन आला आणि दोन मिनिटांत गेलासुद्धा. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांनी यंदा वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढायचं ठरवलंय. रोज नेमून दिलेला भाग वाचायचा आणि खूण करायची. नोएडाच्या मेट्रोत उभ्या उभ्या मी फिलेमोनाला लिहिलेलं ते पत्र वाचलं, खूण केली, आणि तुमची इतकी आठवण आली की माझं स्टेशन मागे गेलेलं कळलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या योजनेला तुम्ही काय म्हणाला असता ते मला पक्कं ठाऊक आहे. "एवढी घोडदौड कशासाठी? पाठीमागे कोण लागलंय?"

तुमची पद्धत वेगळीच होती. एक पुस्तक धरायचं आणि ते रोज संध्याकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, महिना महिना, तेच. योना संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या वेळी मी वैतागले होते. शाळकरी वय, कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये तुमच्यासमोर मांडी घालून बसलेली, आणि बोलून गेले, "मासा गिळणार, मासा ओकणार, बिल्कुल पाठ झालंय यार!" वडिलांना 'यार' म्हणणारी मुलगी दिल्लीतच निपजायची. तुम्ही शांतपणे चष्मा काढलात. "रायफल एकदा खोलून जोडली म्हणजे आली का? डोळे बांधून जोडता आली पाहिजे. तुला अजून मासाच दिसतोय. वाच परत." मी धुसफुसत परत वाचलं. आणखी काही दिवसांनी मासा खरोखरच लहान झाला, आणि दुसऱ्यांना माफी मिळाली म्हणून रुसून बसलेला एक माणूस दिसायला लागला. वाचणं म्हणजे काय, ते मला तिथे समजलं.

मग दादा फौजेच्या ट्रेनिंग सेंटरमधून पळाला. सुभेदाराचा मुलगा. तो भरती झाला तेव्हा तुम्ही क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीत पेढे वाटले होते, आणि आता बायका आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होत्या, "साहब का लड़का भगोड़ा निकला." काही आठवड्यांनी शेजारच्यांच्या फोनवर त्याचा निरोप आला. पानिपतला चादरींच्या कारखान्यात काम करतोय, घरी येऊ का? आई रडता रडता हसली, "मराठी पोर पळून पळून गेलं कुठे, तर पानिपतला!" तुम्ही हसला नाहीत. हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. संध्याकाळी फिलेमोन उघडलात.

जेमतेम पानभराचं पत्र. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम पळून जातो, त्याची तुरुंगातल्या प्रेषित पौलाशी गाठ पडते, आणि पौल त्याला परत पाठवताना मालकाला लिहितो, याला आता भाऊ म्हणून घरात घे. सुरुवातीला तुम्ही ते परेडच्या आवाजात वाचायचात. पळालेल्याने परत जाऊन हजर झालं पाहिजे, एवढंच तुम्हाला त्यात ऐकू येत होतं, आणि तेच तुम्ही आम्हाला बजावत होता. आई पोळी लाटता लाटता थांबायची, पुन्हा लाटायला लागायची. रोज तेच पान, आणि तुमचा आवाज दिवसेंदिवस खाली येत गेलेला. एकदा 'भाऊ' या शब्दाशी अडखळलात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. एका संध्याकाळी मात्र पुस्तक माझ्या हातात दिलंत. "तू वाच. इतके दिवस मी पौल होऊन वाचत होतो. पण पोर पळालंय ते माझ्या घरातून. पत्र मला आलंय. मला ऐकू दे." मी वाचलं. तुम्ही मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलंत आणि आईला विचारलंत, "पानिपतची सकाळची पहिली बस किती वाजता असते?" तव्यावरची पोळी करपली.

दादाला अंधार पडल्यावर मागच्या बाजूने आणता आलं असतं. आईने तसं सुचवलंही होतं. तुम्ही त्याला भर दुपारी मेन गेटने आणलंत, त्याची पिशवी तुमच्या खांद्यावर. मी गेटपाशी वाट बघत उभी होते. पहारेकऱ्याने विचारलं, "साहब, साथ में कौन है?" खरं तर त्याला सगळं ठाऊक होतं. तुम्ही थांबलात आणि पलीकडे कॅन्टीनच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालात, "मेरा बेटा है. घर आया है." आयुष्यात मला तुमचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. पुढे तुम्हीच त्याला सेंटरला नेऊन हजर केलंत, व्हायची ती शिक्षा झाली, नोकरी गेली. पण त्याआधी तो आपल्या घरी तुमच्या मांडीला मांडी लावून पोटभर जेवला.

फिलेमोनाने पुढे काय केलं ते त्या पत्रात लिहिलेलंच नाही. गेल्या रविवारी, या आठवड्याचं वाचन समजावताना, आमचे तरुण पाळक त्यावर बरेच तर्क लढवत होते. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. घरात घेणारा माणूस मी बघितलेला आहे, तर्क कशाला करू?

आजपासून मी ते पत्र पुन्हा धरलंय, रोज, तुमच्या पद्धतीने. आणि हे माझं पत्र कुठे धाडायचं नाही म्हणून सांगून टाकते. तुम्हाला वाटायचं, वाचता वाचता एक दिवस ही पोरगी देवासाठी वाचायला लागेल. बाबा, मी अजून तुमच्यासाठीच वाचते.