ईरासाठी पॅनकेक

शनिवार, सातारा. संध्याकाळ.

उद्या नात येणार आणि पॅनकेक अजून फुगत नाहीत. ईरा सकाळी दुसरे काही खात नाही. तेही ओट्सच्या पिठाचेच हवेत. कृती तंतोतंत पाळली, मिश्रण मुरू दिले, आच मंद ठेवली. तरी पहिले दोन चपटे. पळी तव्याला टेकताच हात धिरडे पसरवताना फिरतो तसा गोल फिरला. सवय, की निव्वळ बेशिस्त? तिसऱ्याला हात आवरला, तो छान फुगला. मग उलटला, आणि मीच उलथन्याने दाबला.

सासूबाई दारातून बघत होत्या. "आगं, चपाती हाय व्हय ती? दाबल्याबिगर तुला चैन न्हाई बघ."

दुपारी मुलगाही फोनवर म्हणाला, "आई, पॅनकेक कसेही चालतील. फक्त ईराला सारखी टोकू नकोस. मागच्या वेळी ती तुझ्याजवळ यायलाच तयार नव्हती." टोकणे? चमचा कसा धरावा, एवढेच तर सांगितले होते.

उद्या पॅनकेक उलटला की उलथने लगेच सासूबाईंच्या हाती द्यावे. पण ईरा चमचा मुठीत धरून माझ्याकडे पाहील, तेव्हा जीभ कोणाच्या हाती देऊ?