दहा म्हणणाऱ्या लेकीसाठी

मी नामगे झाम, वय एकाहत्तर, धंदा विणकाम, राहणार गोमलुंग, जिल्हा पुनाखा. माझ्या बरगड्या मोडल्या आहेत, थुंकीतून रक्त पडते, पण डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने सांगते आणि शेजारीण पेम देकी लिहून घेते. तिला बजावले आहे, शिव्या गाळायच्या नाहीत.

कलम पहिले. घर आणि नदीकाठची भातखाचरे माझी लेक चिमी हिला. आमच्याकडे घर लेकीचेच असते, जावई राहायला येतो. पेंजोर आला, आणि वर्षाच्या आत त्या मेल्याने तिचे डोके चुलीच्या दगडावर आपटले.

अट एकच: पेंजोर या घरात एक रात्र जरी झोपला, तरी घर वरच्या मठातल्या भिक्षुणींचे होईल. चिमी, ही शिक्षा नव्हे गं. तो दारात येऊन रडेल, पाया पडेल, तुला दया येईल. तेव्हा म्हण, "आईने लिहून ठेवलंय, माझ्या हातात काही नाही."

कलम दुसरे, आपल्या गावप्रमुखाविषयी. दोन वर्षांमागे सरकारची सुखमोजणी आली. देशात पैसा किती वाढला एवढेच न बघता माणसे सुखी आहेत का हे विचारायचे, आणि त्यावरून कुठे काय द्यायचे ते ठरवायचे. मला पटले होते. येशी नावाची मुलगी आमच्या चुलीपाशी बसून चिमीला म्हणाली, "शून्य ते दहा, तुम्ही किती सुखी?" शेजारी पेंजोर सुऱ्याने डुकराचे मांस कापत बसला होता. चिमी म्हणाली, "दहा." तिच्या ओठाला तेव्हा टाके होते.

मी ओरडले, "अगं, टाके कसले ते सांग की!"

पेंजोर हसला. "म्हातारीला सकाळीच चढलीय."

गाव जिल्ह्यात पहिले आले. गावप्रमुख आप वांगदा याने वेशीवर लाकडी फलक लावला, 'सुखी गाव'. पुढे चिमीचा हात मोडला तेव्हा मी त्याच्याकडे गेले, तर म्हणतो, "अमा, पोलीस कशाला? गावाचं नाव जाईल."

तो फलक माझ्या मालकीचा नाही, ठाऊक आहे. तरी तो उपटून माझ्या चितेत घालावा. लाकूड चांगले वाळलेले आहे.

कलम तिसरे. विणताना धागा ठोकायची माझी जड फळी चिमीला. गेल्या महिन्यात पेंजोर तिचा गळा दाबत होता तेव्हा मी ती त्याच्या तोंडावर हाणली. दात पडले. त्याने मला जिन्यावरून ढकलले आणि खाली येऊन लाथा घातल्या. आता तो जामिनावर मोकळा फिरतो. फळी दाराआड ठेवावी. मारायची झाली तर कानाखाली मारावी, दातांनी तो थांबत नाही.

कलम चौथे. अंगणातली मागाची खोली सुखमोजणीवाल्यांना. आत एक बाकडे आहे, आणि दाराला कडी आतून आहे. गावातल्या बायकांना यापुढे तिथे विचारावे, एकेकीला. नवरा बाहेर.

हे कागदावरच राहील अशी धास्ती होती, म्हणून काल येशीला बोलावून घेतले. ती चिमीला घेऊन आत गेली. मी बाहेर गोधडीवर पडून ऐकत होते. येशीने तोच प्रश्न विचारला. आत बाकडे सरकल्याचा आवाज आला.

मग चिमी म्हणाली, "मॅडम, कडी नीट लागलीय ना?"

"लागलीय."

"मग लिहा."

ऊन अंगणातून गेले तरी ती बोलतच होती. मी दार वाजवले नाही.

स्थळ: गोमलुंग. दिनांक: १४ मार्च २०२३.
नामगे झाम, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: पेम देकी, शेजारीण (सही).
साक्षीदार: उग्येन दोर्जी, दवाखान्यातील कंपाउंडर (सही).
आप वांगदा यांनी सही करण्यास नकार दिला. हेही नोंदवावे.