रंग न दिलेलं घर

ता. ३ जानेवारी

चि. धाकल्यास,

अ. उ. आ. आणि सोबत पाठीत एक धपाटा, कारण महिनाभरात बहिणीला दोन ओळी लिहायला तुला फुरसत झाली नाही.

इकडे सगळं ठीक. मान धरली आहे, पण दिवसभर पडदे शिवणाऱ्या बाईची मान धरणारच. तुझा धंदा काय म्हणतो? लोकांचे हप्ते थकतात, बँक घरं जप्त करते आणि लिलावात ती झेलायला तू उभा. मला हे कधी रुचलं नाही, पण तू स्वतःच्या हिमतीवर वर आलास म्हणून गप्प बसते.

आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्यांवर तीच पाळी आली आहे. दुकान बुडालं, पुढच्या महिन्यात घराचा लिलाव. त्यांचा मेहुणा राखीव किमतीपुरते पैसे कसेबसे जमवतो आहे. काल पडदे द्यायला गेले, तर चष्मेवाल्या बाई बाहेरची भिंत दाखवून हसायला लागल्या. ओलीचे हे एवढाले डाग, रंगाचे पोपडे. ज्या गळक्या नळाने ओल आली तो केव्हाच दुरुस्त झाला, आत भिंती ठणठणीत, सागवानी कपाटं, फरशी कशी लख्ख. पण बाहेर रंग द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलंय. लिलावाआधी बँक बोलीवाल्यांना घर आतून दाखवत नाही, म्हणजे बाहेरून बघून सगळे पळतील आणि घर मेहुण्याला मिळेल. हसता हसता त्यांचे डोळे भरले. तुझ्या धंद्यातल्यांच्या डोळ्यांत धूळ बरं का! तू आपला, म्हणून सांगितलं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझी अक्का

ता. १७ फेब्रुवारी

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. धपाटा मुकाट्याने खाल्ला. आता आधी पाणी पी, मग पुढे वाच.

चष्मेवाल्यांचं घर मी घेतलं. लगेच डोळे वटारू नकोस. बोलीला मेहुणा आणि मी, दोघंच. बाकीचे ती भिंत बघूनच फिरकले नाहीत. तुझं पत्र नसतं तर मीही गेलो नसतो. मेहुणा लवकरच थांबला. रंगाचे दोन हात मारले की घर दीडपटीला जाईल. तुझा वाटा बाजूला काढलाय, नवं मशीन घे.

एक काम कर. महिनाअखेर घर सोडा, असं तूच बाईंना समजावून सांग, तुझं ऐकतील. पोलीस आणून ताबा घ्यायचा म्हणजे फार कटकट. आणि पडदे राहू द्या म्हणावं, मापाचे आहेत.

लोभ वाढता ठेव.

तुझा धाकला

ता. २२ फेब्रुवारी

धाकल्या,

चि. लिहायला हात होत नाही. आशीर्वाद मागच्या पत्रातलेच पुरवून वापर.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. पडदे राहू द्या म्हणावं! लिहिताना बोटं कशी झडली नाहीत तुझी? मी शेजारणीचं दुःख तुला सांगितलं आणि तू त्यातून घराची पाहणी केलीस. केसाने गळा कापलास, तोही माझ्या हातून.

परवा बाई आल्या होत्या. आतलं सगळं माहीत असल्यासारखा कोणी परका बोली चढवत गेला, म्हणाल्या. कोण फितूर झालं यावरून त्या मेहुण्याशी कडकडून भांडल्या होत्या. मी सांगून टाकलं, तो परका माझा भाऊ आणि सांगणारी मी. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त शिवायला टाकलेलं कापड परत मागितलं.

मेहुण्याच्या शेवटच्या बोलीला घर त्याला देऊन टाक. वरचा फरक तुझ्या खिशातून जाऊ दे. माझा वाटा म्हणतोस, तोही त्यातच घाल.

हे केलंस तर लोभ.

अक्का

ता. १ मार्च

अक्का, नमस्कार.

धंद्यात नाती आणायची नाहीत, हे मी पहिल्या घरापासून पाळलंय. कायद्याने घेतलंय, चोरी केली नाही. मी नसतो तर दुसऱ्याने घेतलं असतं. तोट्यात विकणार नाही.

बावीस तारखेला पोलीस आणि कुलूपवाला घेऊन ताबा घ्यायला येतोय. तुझ्याकडेच उतरेन. गरम दोन घास वाढ आणि राग सोड.

धाकला

ता. ९ मार्च

धाकल्या,

दुसऱ्याने घेतलं असतं, तर त्याला शिव्याशाप देऊन मी मोकळी झाले असते.

माझ्याकडे उतरू नकोस, माझ्या दाराला कुलूप आहे. मशीन, कापडाचे तागे आणि अंथरूण घेऊन मी चष्मेवाल्यांच्या पुढच्या खोलीत राहायला आले आहे. बाईंनी आधी दारातूनच हाकललं. मी पायरीवर बसून राहिले, तेव्हा कुठे आत घेतलं. त्या सामान बांधत होत्या, ते मी सोडायला लावलं. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि का बोलावं?

बावीस तारखेला खुशाल ये. आमच्यापैकी कोणी आपल्या पायांनी बाहेर पडणार नाही. मशीन दाराला लावून बसले आहे, म्हणजे पहिली मलाच ओढून काढावी लागेल. पोलीस विचारील, ही बाई कोण, हिचा या घराशी संबंध काय? तेव्हा खाली बघू नकोस. गल्लीदेखत मोठ्याने सांग, ही माझी सख्खी बहीण, हिच्याच पत्रावरून मी हे घर घेतलं.

लोभाचं त्यानंतर बघू.

अक्का