भुरीला गाठ का झाली नाही?

प्रिय आत्या,

तुझं तेरावं होऊन आठवडा झाला. सोमवारी माझा एम.एस्सी.चा प्रबंध बांधायला जाईल. त्यातलं एक पान मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून लिहितेय.

पनवेलच्या मासळी बाजारात तुझ्याशेजारी बसून मी रडले होते, आठवतं? एका विषाणूमुळे मांजरांना गाठी होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या गाठींशी लढतात का, हे मी शोधत होते. सहा आजारी मांजरांचं रक्त तपासलं. गाठीच्या पेशी मजेत वाढत होत्या आणि पांढऱ्या पेशी नुसत्या बसून! माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, विषय बदल.

तू कोळंबी सोलता सोलता पायाशी बसलेल्या तुझ्या मांजरीकडे, भुरीकडे, बघत म्हणालीस, "बोक्याच्या गल्याला गाठी झाल्या. भुरी त्याच्याच थाळीत जेवते, तिला कुटं काय झालं? हरलेल्याचंच रगात काय बगतेस गो? जी जिकली तिचं बग की!"

शाळेची पायरी न चढलेली तू! तुला हे सुचलं कसं?

भुरीला तूच मांडीवर धरलंस. तिने तुझा हात ओरबाडला, तर तिलाच दटावलंस, "गप बस, पोरीची परीक्षा हाय!" भुरीच्या रक्तात विषाणू निघाला, पण अंगावर गाठ एकही नाही. आणि तिच्या पांढऱ्या पेशी? गाठीच्या पेशींवर तुटून पडल्या! मेलेली पेशी रंग शोषून निळी दिसते. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली निळंच निळं होतं. तशा आणखी चार मांजरी तूच हुडकून दिल्यास.

सरांनी विचारलं, "निरोगी मांजरं तपासायचं तुला सुचलं कसं?" मी म्हणाले, "विचार करत होते, सर." मासळीवाल्या आत्याचं नाव तोंडातून निघालंच नाही. त्या एका उत्तरावर सर मला पीएच.डी.ला घ्यायला तयार झाले.

तुला सांगितलं तर हसलीस. "मंग तुजंच ते. मी काय तितं परीक्षेला बसलेली?" इतकं मोठं मन कशाला दाखवलंस गं? दोन शिव्या घातल्या असत्यास, तर मी तेव्हाच सरांकडे धावले असते.

आता ऐक. 'हा प्रश्न मला सुचला' असं लिहिलेलं ते पान मी पुन्हा टाइप करून घेतलंय. प्रश्न विचारणारी: हिराबाई, राहणार ओवे, मासळीविक्रेती. सोमवारी ते आधी सरांच्या हातात देईन, मग पीएच.डी.ला अजून घेणार का, ते विचारीन. ते नाही म्हणाले, तरी पान बदलणार नाही.

तुझ्या भावाची थोरली,
सुमन