प्रत माहितीसाठी

डिचोली,
४ जुलै २०२४

ती. स्व. दादास,
पद्माचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील म्हणून आधीच सांगते. कान गेल्यापासून तू फोनवर बोलत नाहीस, ओरडतोस. मागच्या वेळी माझ्या गुडघ्याची खबर तुझ्या अख्ख्या वाड्याला कळली, नि पोदेरानं पाव देता देता वहिनीकडे माझी चौकशी केली. या प्रकरणात तसं होऊन चालणार नाही.

तेजस्विनीला स्थळ आलंय, आणि ते तुमच्याच पेडण्याचं. यांच्या बहिणीनं, कमलवन्संनी आणलं. मुलगा दत्तप्रसाद परब, वय एकोणतीस, विमानाचा पायलट. वडील रामचंद्र परब, ज्यांची पेडणे-म्हापसा बस आहे नि स्वतःच चालवतात ते. वन्सं म्हणतात महिन्याला चार लाख. चार लाखांचा मुलगा डिचोलीच्या शाळेतल्या मास्तरणीला कशाला विचारील? कुठेतरी पाणी मुरतंय.

तेजू मात्र खुशीत आहे. दोनदा भेटली, आता फोन आला की घेऊन परसात जाते. मला भीती वाटते ती निराळीच. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिज वाहायचा टिपर म्हणजे सोन्याचं झाड, असं याच कमलवन्सं म्हणायच्या. खाणी बंद पडल्या नि आमचे दोन टिपर दारात गंजले. यांनी तीन वर्षं कुणाशी धड बोलणं केलं नाही. माझ्या मुलीच्या वाट्याला ते नको.

परबांना दसऱ्याला साखरपुडा हवाय. गणपतीच्या चवथीपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. तेवढ्यात तू मुलाचा पगार, नोकरी, प्रकृती, सगळं काढ. तेजूला यातलं अक्षरही कळता कामा नये.

वहिनीला नमस्कार. तुझी माया आहे म्हणूनच हे ओझं टाकते.

तुझी,
पद्मा


पेडणे,
१३ जुलै २०२४

चि. सौ. पद्मास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

चौतीस वर्षं मामलेदार कचेरीत कारकुनी केली. चौकशी कशी करतात ते धाकट्या बहिणीनं मला शिकवू नये. फाइल उघडली आहे.

शेजारचा विशाल मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. त्याच्याकडून कळलं ते असं. मुलगा पायलट आहे हे खरं, पण कॅप्टन नव्हे, त्याच्या शेजारी बसणारा. विमान पंख्यांचं, सत्तर माणसांचं, लहान गावांना जाणारं. आता ऐक. लायसन्स मिळालं की कुठलीही गाडी चालवता येते, तसंच विमानाचं असेल अशी माझी समजूत होती. तसं नाही. ज्या जातीच्या विमानाचं शिक्षण घेतलं तेवढंच चालवायचं. दुसऱ्याला हात लावायचा तर परत शाळेत बसायचं, आणि ती शाळा वीस-पंचवीस लाखांची. म्हणजे ही कंपनी बुडाली तर याची विद्या तुमच्या टिपरांसारखी दारात उभी.

दुसरी गोष्ट. सोमवार ते गुरुवार मुलगा घरी होता. दारापुढच्या बाल्कांवात अर्ध्या चड्डीवर बसून पेपर वाचत होता. मी दोनदा समोरून गेलो, दुसऱ्यांदा छत्री आड धरली. विशाल म्हणतो की, पायलटनं किती तास उडायचं याला नियम असतो, उरलेले दिवस विश्रांती. असेल नियम. पण तो कागद मी पाहिलेला नाही.

शुक्रवारी पहाटे कंपनीची पांढरी गाडी त्याला घेऊन गेली. ती कंपनीचीच होती का, हे पाहायचं राहिलं आहे.

तुझ्या यशवंतरावांना सांग, काळजी करू नका म्हणावं. घाई करू नकोस आणि वडील भावावर भरवसा असू दे.

तुझा,
दादा


डिचोली,
२९ जुलै २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

काल परब मंडळी येऊन गेली. रामचंद्ररावांच्या तोंडात बसचा भोंगाच बसवलाय. आमच्या चांगल्या वेताच्या कदेलावर पाय वर घेऊन मांडी घालून बसले, चहा बशीत ओतून फुरके मारत प्याले, नि जाताना मला पाठीवर थाप मारायचेच बाकी होते. ड्रायव्हरचं घर ते ड्रायव्हरचंच, दादा. मुलगा आभाळात गेला म्हणून बाप वर जात नाही.

मुलगा मात्र शांत. मी काही विचारायच्या आधीच यांना म्हणाला की, चार लाखांची गोष्ट चुकीची आहे. पगारातला काही भाग ठरलेला, बाकीचा जितके तास उडेल त्यावर. हातात एक लाख साठ हजारांच्या आसपास, त्यातले पन्नास शिक्षणाच्या कर्जाला जातात. घरी बसला तर तासांचे पैसे नाहीत. पण एका मोठ्या कंपनीनं त्याला जेट विमानासाठी निवडलंय. शिक्षण सोळा सप्टेंबरला सुरू, खर्च त्यांचा, बदल्यात पाच वर्षं सोडून जायचं नाही. मग पगार दुपटीहून जास्त. तिथे जो आधी रुजू होतो तो आधी कॅप्टन होतो, म्हणून ती तारीख चुकवायची नाही, असंही म्हणाला. इथला राजीनामा त्यानं कधीच देऊन ठेवलाय.

हे सगळं ऐकून हे विरघळले. माझा संशय वाढला. स्वतःहून इतकं खरं कोण बोलतं? माणूस एक उणं उघड करतो ते दुसरं झाकायला. आणि सांगते, मी मुद्दाम गुळाचं मणगणं केलं होतं. त्यानं वाटीला हात लावला नाही. सध्या साखर नको, म्हणाला. एकोणतिसाव्या वर्षी!

तेजूनं ती वाटी स्वतः खाल्ली नि माझ्यावर डोळे वटारले. प्रकृतीचं तेवढं बघ. तुझ्याशिवाय मी कुणाला सांगू?

तुझी,
पद्मा


पेडणे,
९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पद्मास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाक लहानपणापासून तिखट. मणगण्याचा वास बरोबर आला तुला.

कानाच्या मशीनसाठी मंगळवारी म्हापशाला गेलो होतो. दवाखान्याच्या खाली रक्त तपासणीची लॅब आहे. तिथे आपला पायलट, दंडाला कापूस दाबून, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसलेला. हातात मोठं पाकीट. त्यावर ईसीजी लिहिलेलं मी स्वतः वाचलं. कान गेले तरी डोळे आहेत. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर तिनं मला दाराकडे बोट दाखवलं. काल मशीन आणायला परत गेलो, तर तो पुन्हा तिथेच. धडधाकट मुलगा आठवड्यात दोनदा लॅबमध्ये कशाला जाईल? हृदय तरी, नाहीतर साखर.

आता तोंडी चौकशी पुरे. मी रीतसर अर्ज केला आहे. इंग्रजीत टाइप करून, त्याच्या सध्याच्या कंपनीला. तीन प्रश्न. सदर इसम कोणत्या विमानासाठी पात्र आहे, त्याला वेतन किती, आणि त्याला चक्कर येत असल्याचे निम्नस्वाक्षरीकाराच्या निदर्शनास आले असल्याने त्याच्या प्रकृतीविषयी खुलासा व्हावा. खाली माझी सही, पूर्ण पत्ता. निनावी कागद मी आयुष्यात लिहिलेला नाही.

आणि शेवटी दिल्लीच्या विमान खात्याला प्रत माहितीसाठी. ही आमच्या कचेरीची युक्ती. नुसता अर्ज खालचा माणूस दाबून ठेवतो. वरच्याला प्रत गेली की पंधरा दिवसांत उत्तर येतं.

तेजूला बोलू नकोस. उत्तर आलं की कळवतो. तोवर मन शांत ठेव.

तुझा,
दादा


डिचोली,
१ सप्टेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

शनिवारी चवथ, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान अजून आणायचंय, तरी आधी तुला लिहायला बसले. तू जिंकलास.

वन्सं आल्या होत्या. दत्तप्रसाद दहा-बारा दिवस घरीच बसलाय. विमानावर जात नाही. कागदपत्रांचं काहीतरी आहे, एवढंच रामचंद्रराव सांगतात, नि त्यांचा भोंगाही खाली आलाय म्हणे. कागदपत्रांचं! आजार बाहेर आला असणार, दुसरं काय. देवानंच वाचवलं, नि त्याच्या खालोखाल तू.

हे म्हणतात की, थांबूया, मुलाला विचारूया. मी ठाम आहे. नाही कळवायचं, पण चवथ आटोपली की तेजूनं स्वतः भेटून सांगावं, म्हणजे वाकडेपणा राहणार नाही. ती दोन दिवस नीट जेवलेली नाही. आज ना उद्या मला दुवा देईल. कंपनीचं उत्तर आलं का ते लिही.

वहिनीला चवथीचा नमस्कार सांग. अशीच पाठ राखत जा.

तुझी,
पद्मा


पेडणे,
१२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. पद्मास,
आशीर्वाद.

उत्तर आलं. चार ओळींचं आहे. कर्मचाऱ्याची माहिती बाहेरच्या व्यक्तीला देता येत नाही. मात्र प्रकृतीसंबंधीची आपली तक्रार योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवण्यात आली आहे.

मी तक्रार केली नव्हती, पद्मा. खुलासा मागितला होता.

योग्य त्या कार्यवाहीसाठी, हे शब्द मी नोकरीत हजारदा टाइप केले असतील. मग कागद दुसऱ्या टेबलावर जायचा आणि मी चहाला. पुढे कुणाचं काय होत असे ते मी कधी पाहिलं नाही. परवा विशालला सहज विचारलं. तो म्हणाला की, पायलट लोकांची दरवर्षी पक्की डॉक्टरी तपासणी असते, त्याआधी बहुतेक जण महिनाभर गोड सोडतात आणि बाहेर रक्त, ईसीजी करून बघतात. दत्तप्रसादही तेच करत होता, मीच त्याला म्हापशाला सोडलं, असंही म्हणाला. मी त्याला ते आधी विचारलंच नव्हतं.

तो डोळे मिटून बसला होता, एवढंच मी पाहिलं होतं. उपाशी पोटी रक्त दिलेलं असेल. कागदावर उतरताना त्याची चक्कर झाली.

तेजूला अजून पाठवलं नसलंस तर पाठवू नकोस.

दादा


डिचोली,
२७ सप्टेंबर २०२४

ती. स्व. मामास,
तेजस्विनीचा नमस्कार.

या वेळी वि. वि. लिहीत नाही, कारण विनंती काही नाही.

आईच्या सांगण्यावरून मी दत्तप्रसादला नकार द्यायला गेले होते, अकरा तारखेला. मी बोलायच्या आधी त्यानं फोनवर एक कागद दाखवला. त्याच्या कंपनीनं त्याच्याकडून खुलासा मागताना दिलेली प्रत. खाली तुझी सही. ती मी पहिलीपासून ओळखते, माझ्या पुस्तकांवर नाव तूच घालायचास. मला आधी वाटलं, कुणीतरी तुझी सही मारली.

त्याला वीस ऑगस्टपासून ठाऊक होतं. चक्कर हा शब्द लेखी आला की, नव्यानं तपासणी होऊन निकाल येईपर्यंत पायलटला विमानात बसता येत नाही. त्याची तारीख लागली बंगळूरला, तेवीस सप्टेंबरची. परवा निकाल आला. काहीही झालेलं नाही त्याला. पण जेटचं शिक्षण सोळाला सुरू झालं. त्याची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली. आता पुढची तुकडी कधी, ते कुणी सांगत नाही. घेतलंच तर पंचवीस-तीस जणांच्या मागे. जुन्या कंपनीनं राजीनामा मागे घेऊ दिला, हेच नशीब. परत पंख्यांचं विमान, परत शेजारची खुर्ची.

त्यानं त्याच्या वडिलांना तुझं नाव सांगितलेलं नाही. सांगितलं तर लग्न मोडेल म्हणून. मी त्याला नकार दिला नाही.

मला तुझा भयंकर राग आलाय, मामा. लवकर जाणार नाही. आईला यातलं किती माहीत होतं ते मी तिला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते. ती माझ्या ताटात जास्तीचं वाढते नि माझ्याकडे बघत नाही.

मामीला नमस्कार. तुझ्यावरचं प्रेम कुठे गेलेलं नाही, पण सध्या त्याची आठवण काढू नकोस.

तेजस्विनी


पेडणे,
३ ऑक्टोबर २०२४

मा. गुरुदासकाका यांस,
दत्तप्रसादचा सा. न. वि. वि.

आपल्याशी फोनवर गुप्त बोलता येत नाही, असं तेजस्विनीनं सांगितलं, म्हणून दोन वाड्यांच्या अंतरावरून पत्र लिहितो आहे.

आपण कंपनीला तीन प्रश्न विचारले होते. ते मला विचारले असते तरी चाललं असतं. मी पंख्यांच्या विमानासाठी पात्र आहे, अठराशे तास झाले आहेत. सप्टेंबरमध्ये एकही तास उडालो नाही, त्यामुळे हातात बासष्ट हजार आले. तपासणीच्या निकालाची प्रत जोडली आहे.

माझाही एक प्रश्न आहे. हा अर्ज तेजस्विनीला माहीत होता का? ती नाही म्हणते. मी विश्वास ठेवला. पण त्या संध्याकाळी मी तिचे ऑगस्टमधले मेसेज पुन्हा वाचून काढले, एकेक. आमच्या कामात एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं तपासायचं, असा नियमच आहे. त्यात कुणाला राग येत नाही. पण घरात, बायकोच्या बाबतीत, मला ती सवय लागायला नको. आत्ताच लागते आहे, असं वाटतं.

दसरा बारा तारखेला आहे. त्याआधी खरं काय ते सांगावं. बाबांना मी अजून काही बोललेलो नाही. काकूंना नमस्कार.

आपला,
दत्तप्रसाद परब


पेडणे,
८ ऑक्टोबर २०२४

श्री. दत्तप्रसाद यांस,

वयानं लहानाला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी तुमचं जे केलं त्यानंतर माझा हात तिथे अडला.

तेजस्विनीला काही माहीत नव्हतं. चौकशी कर असं माझ्या बहिणीनं, तिच्या आईनं, सांगितलं. अर्ज मी माझ्या अकलेनं केला, चक्कर हा शब्द माझा, दिल्लीची प्रतही माझी. अर्ज केल्याचं मी बहिणीला कळवलं होतं. तिनं मला अडवलं नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणायला मला तोंड नाही. म्हणून जुलैपासूनची आमची पत्रं सोबत देत आहे, तारखांप्रमाणे लावून. तेजूला कळता कामा नये, हे त्यात दोघांच्याही हातचं आहे. तुम्ही तिचं वाक्य पुन्हा कधी तपासू नये, एवढ्यासाठी हे सगळं. तुमची जागा मला परत देता येत नाही. दोन्ही कार्यालयांना माझं विधान चुकीचं होतं असं लेखी कळवलं आहे. त्याचा आता उपयोग नाही, हेही मला ठाऊक आहे. तुमच्या वडिलांकडे मी गुरुवारी सकाळी येतो आहे. माझं नाव त्यांना मीच सांगेन.

पत्रं बहिणीची, म्हणून काल डिचोलीला जाऊन तिला विचारलं. तुमच्या वडिलांविषयी तिनं एका पत्रात जे लिहिलं आहे, ते वाचून लग्न मोडू शकतं, ते तिला दाखवलं. तेवढ्या ओळी शाईनं खोडून देतो, असं मी म्हणालो. तिनं ट्रंकेतून माझी पत्रं काढली, तिच्या पत्रांत मिसळली, आणि म्हणाली की, एक शब्द जरी खोडलास तर त्याखाली काय होतं याचा विचार तो मुलगा जन्मभर करील. तसंच दे.

तसंच दिलं आहे. लोभ मागण्याची वेळ ही नव्हे.

गुरुदास