दुसऱ्याचा होकार

१ फेब्रुवारी, रविवार
पगार नाय, मंग नोकरी कसली गो हिरा? सुकटाची टोपली उचलता उचलता आईने विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिलंच काम फुकटचं! पण या संस्थेच्या वेबसाइटवर राज्यभरची मुलं पुस्तकं विनामूल्य वाचतात, आणि तिचे सर्व्हर आम्ही स्वयंसेवक सांभाळतो. आमच्या मुरबे गावाहून बोईसर गाठलं. एमआयडीसीतल्या बंद कारखान्यात मालकाने वापरायला दिलेली एक खोली. इथले सगळ्यांत जुने स्वयंसेवक भाग्येशदादा म्हणाले, इथला एसी मशीनसाठी आहे, माणसांसाठी नाही. उद्या स्वेटर आण. नियम एकच: सर्व्हरवर काहीही करायचं तर आधी चॅटवर विचारायचं, आणि दुसऱ्या कुणाचा ‘हो’ आल्याशिवाय हात लावायचा नाही.

५ फेब्रुवारी
मी काहीही विचारलं की दर्पण नावाच्या स्वयंसेवकाचा ‘हो’ लगेच येतो. किती तत्पर माणूस! भेटून आभार मानायला हवेत.

८ फेब्रुवारी
भाग्येशदादांना म्हटलं, दर्पणदादांची ओळख करून द्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. दर्पण दिवाळीत अपघातात गेला, म्हणाले. त्याचं खातं बंद करायला कुणाचा हात होईना. मग ‘हो’ कोण लिहितं? प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं कुणीतरी.
मला भीती वाटायला हवी होती. मी स्वेटरची बटणं लावली.

११ फेब्रुवारी
भाग्येशदादांनी चॅटवर विचारलं, दर्पणचं खातं बंद करू? सगळ्यांत आधी दर्पणचाच ‘हो’ आला.
खातं बंद झालं. त्याच क्षणी वेबसाइटही.

१३ फेब्रुवारी
सगळं तपासलं. बिघाड कुठेच नाही. परीक्षा तोंडावर, मुलांचे निरोप येतच आहेत—
दुपारी त्या बंद खात्यातून ओळ आली. एकट्याने होत नाही. इकडे अजून एक माणूस हवं. हिराला घेऊ?
भाग्येशदादांनी मला उठवलंच. उत्तर देऊ नकोस, घरी जा, म्हणाले.

१४ फेब्रुवारी
आई म्हणते, भूत बगितलंस काय गो, जेव. शेजारची सपना, यंदा दहावीला, फोन घेऊन दारात. पुस्तकं कधी दिसतील, ताई—
ती ओळ चॅटवर तशीच. दुसऱ्याचा होकार अजून—

१५ फेब्रुवारी
मी ‘हो’ लिहिलं.
वेबसाइट चालू आहे. सपना ओट्यावर बसून मोठ्याने वाचतेय. आईने दोन ताटं वाढलीत. मी समोरच बसलेय, आणि ती दाराकडे बघून हाका मारतेय— हिरा, ये गो, भात निवतो—
चॅटवर भाग्येशदादा काहीतरी विचारतायत. माझा ‘हो’ आधीच गे—